पंगत उठेपर्यंत

कुलूप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चोर उभा राहतो. ज्या घरात चोराची भीती नाही त्या घराला कुलपाची गरज नाही, असे आपण सहज समजतो, आणि कुलपे नसलेल्या गावाचे वर्णन कोणी केले की त्या गावाविषयी मनात आदर उत्पन्न होतो. परंतु कुलपाचा एक प्रकार असा आहे की, ज्याचा चोरीशी काडीइतकाही संबंध नाही. न्हाणीघराची कडी आपण लावतो ती बाहेरची माणसे चोर आहेत म्हणून नव्हे. ती आपलीच माणसे असतात, आणि आपल्याइतकाच त्यांचाही न्हाणीघरावर हक्क असतो. कडी एवढेच सांगते की, एका वेळी एक. येथे प्रश्न विश्वासाचा नाही, वेळेचा आहे. जी वस्तू सर्वांची आहे ती सर्वांना एकाच क्षणी हवी झाली तर काय करावयाचे, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न घराघरांतून जितका जुना आहे तितकाच संगणकाच्या पोटात तो नवा आहे. तिथे त्याची जी उत्तरे माणसांनी शोधली त्यांतले एक मला फार विचार करण्याजोगे वाटते. ते तंत्रज्ञांच्या ग्रंथांत पडून राहावे, हे बरे नव्हे. कारण त्यात यंत्राविषयी जेवढे आहे त्याहून अधिक, बदल करणाऱ्या माणसाच्या कर्तव्याविषयी आहे.

आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये एक नव्हे, बहुधा आठ प्रोसेसर असतात. प्रोसेसर म्हणजे आज्ञा पाळणारा कारकून असे समजा. आठही कारकून आपापली कामे एकाच वेळी करीत असतात, आणि त्या सर्वांवर देखरेख करणारा जो मूळ प्रोग्रॅम असतो त्याला ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल म्हणतात. आपण त्याला गाभा म्हणू. अँड्रॉइड फोनमध्ये हा गाभा लिनक्स नावाचा असतो. 1991 मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो लिहावयास घेतला, आणि पुढे जगभरच्या हजारो माणसांनी त्यात भर घातली. या गाभ्याजवळ पुष्कळ सामाईक याद्या असतात. कोणत्या नावाची फाइल कोठे आहे, कोणता निरोप कोणत्या वाटेने पाठवावयाचा, कोणाला कशाची परवानगी आहे, अशा त्या याद्या. आठही कारकून त्याच याद्या क्षणाक्षणाला चाळीत असतात.

आता या याद्यांची रचना साखळीसारखी असते. एका नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता लिहिलेला, तिच्यात तिच्या पुढचीचा. एक कारकून अशी साखळी वाचीत वाचीत मधल्या एका नोंदीवर आला आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्याने ती नोंद निकालात काढून तिची जागा भलत्याच कामाला दिली, तर काय होईल? पहिला कारकून पत्ता म्हणून जे वाचील ते आता पत्ता राहिलेलेच नसेल. शिडी चढणाऱ्याच्या पायाखालची पायरी कोणी काढून घ्यावी, तसा हा प्रकार आहे. यात दोघांपैकी कोणीही लबाड नाही. वाचणारा प्रामाणिकपणे वाचीत होता आणि काढणाऱ्याला काढण्याचा अधिकार होता. तरीही अनर्थ झाला.

हा अनर्थ केवळ कागदावरचा नाही. थेराक-25 नावाचे कर्करोगावर किरणोपचार करणारे एक यंत्र होते. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडा येथे या यंत्राने सहा रुग्णांना भयंकर अतिरेकी मात्रेत किरण दिले, आणि त्यांतले काही दगावले. पुढे जी चौकशी झाली तीत असे आढळले की, यंत्रातील दोन कामे एकाच सामाईक माहितीला हात घालीत होती. यंत्र चालवणाऱ्याने पडद्यावरची नोंद झटपट दुरुस्त केली, तर एका कामाला ती दुरुस्ती दिसे आणि दुसऱ्याला दिसत नसे. या यंत्राच्या आधीच्या नमुन्यात असल्या चुकीला आवर घालणारी लोखंडी व्यवस्था होती. नव्यात ती काढून टाकून सारा भार प्रोग्रॅमवर टाकलेला होता. अडसर काढला खरा, पण त्याच्या जागी शिस्त मात्र आली नाही.

म्हणून पहिले उत्तर कुलपाचेच. 1965 मध्ये एड्‌स्गर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला आणि त्याचे उत्तरही दिले. त्यानेच पुढे आणलेल्या एका साधनाचे नाव रेल्वेच्या सिग्नलावरून घेतलेले आहे. हात पडला की गाडी पुढे जाईल, नाहीतर उभी राहील. 1974 मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट याने दुसरी युक्ती सांगितली. ती पावाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांसारखी आहे. आत येताना प्रत्येकाने एक क्रमांक घ्यावयाचा आणि लहान क्रमांकाचा आधी. या उत्तरांत एक साधा न्याय आहे. ज्याची पाळी त्याचा हक्क. बाकीच्यांनी थांबावे.

परंतु थांबणे ही फुकटची गोष्ट नाही, आणि थांबण्यातूनही अनर्थ होतात. डाइक्स्ट्राच्याच कोड्यातून आलेली पाच तत्त्वज्ञांची कथा प्रसिद्ध आहे. गोल मेजाभोवती पाचजण बसले आहेत, दोघादोघांच्या मध्ये एकेक काटा आहे, आणि जेवावयास दोन काटे लागतात. पाचांनीही आपापला डावीकडचा काटा उचलला आणि उजवीकडचा मोकळा होण्याची वाट पाहत बसले. तो कधीच मोकळा होत नाही, कारण प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहत आहे. पाचही विद्वान, पाचही सभ्य, आणि पाचही उपाशी! सभ्यपणाने उपासमार टळतेच असे नाही, हे या गोष्टीचे तात्पर्य.

याहून सूक्ष्म असा एक प्रसंग मंगळावर घडला. 1997 च्या जुलै महिन्याच्या 4 तारखेला अमेरिकेचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. त्यानंतर काही दिवसांतच त्याचा संगणक अधूनमधून आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागला. कारण असे निघाले. हवामानाची नोंद घेणाऱ्या एका किरकोळ कामाने सामाईक वस्तूचे कुलूप घेतलेले असे. अतिशय निकडीचे एक काम त्या कुलपासाठी खोळंबून असे. आणि मध्यम प्रतीचे तिसरेच एक काम, किरकोळ कामापेक्षा आपण मोठे म्हणून, त्याला बाजूला सारून स्वतःचे चालू ठेवी. किरकोळ कामाला वाव मिळेना म्हणून ते कुलूप सोडीना, आणि कुलूप सुटेना म्हणून निकडीचे काम अडून राही. शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरून आज्ञा पाठवून यानातली एक सोय चालू केली. तिचा अर्थ असा : ज्याच्यासाठी मोठा माणूस खोळंबला आहे, त्या लहान माणसाला तेवढ्यापुरता मोठ्याचाच मान द्यावयाचा. त्याला हटवावयाचे नाही. त्याचे काम लवकर उरकेल अशी वाट करून द्यावयाची. ही सोय ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

लिनक्सचीही तऱ्हा अशीच झाली. 1996 मध्ये या गाभ्याला अनेक प्रोसेसरांवर चालण्याची सोय मिळाली तेव्हा सगळ्या गाभ्याला मिळून एकच मोठे कुलूप लावले होते. आत कोणीतरी एक, बाकीचे दारात. दोन प्रोसेसर असताना हे खपले. ते वाढू लागले तसा कारकुनांचा वेळ कामात जाण्याऐवजी दारात जाऊ लागला. मग एकेका दालनाला वेगळे कुलूप करीत करीत ते मोठे कुलूप अखेर 2011 मध्ये पूर्णपणे निघाले. एक कुलूप काढावयास पंधरा वर्षे लागली! सामाईक घराची रचना बदलणे किती जिकिरीचे असते, याचा हा दाखला आहे.

पण लहान लहान कुलपे झाली तरी मूळ शंका उरतेच. सामाईक याद्यांकडे जे येतात त्यांतले बहुसंख्य नुसते पाहावयास येतात. बदलावयास येणारा हजारांत एखादा. देवळात दर्शनाला येणारे हजार आणि मूर्तीचे वस्त्र बदलणारा एक, तसे हे प्रमाण असते. त्या एकासाठी हजारांनी दारात उभे राहावे काय? दोन पाहणाऱ्यांत तर तंटा होण्याचे कारणच नाही. मग पाहणाऱ्याला कुलूप कशाला?

या शंकेतून एक वेगळी रीत निघाली. तिच्या मुळाशी असलेली कल्पना 1980 पासून ग्रंथांतून दिसते. 1990 च्या दशकात सिक्वेंट नावाच्या अमेरिकन कंपनीच्या यंत्रांत पॉल मॅकेनी आणि जॉन स्लिंगवाइन यांनी ती प्रत्यक्ष वापरली, आणि 2002 मध्ये ती लिनक्समध्ये आली. ती लिनक्समध्ये आणणाऱ्यांत बंगळूरला आयबीएममध्ये काम करणारे दीपंकर सर्मा हे प्रमुख होते, हे आपल्याला ठाऊक असावे. या रीतीचे इंग्रजी नाव तीन क्रियापदांचे आहे : वाचा, नक्कल करा, बदला. आद्याक्षरांवरून तिला आरसीयू म्हणतात.

रीत अशी. ज्याला नोंद बदलावयाची आहे त्याने मूळ नोंदीला हात लावावयाचा नाही. तिची नक्कल करावयाची, आणि हवा तो बदल त्या नकलेत, एकांतात, सावकाशीने पुरा करावयाचा. नक्कल सर्वांगाने तयार झाली की साखळीतला एकच पत्ता, एकाच झटक्यात, जुन्यावरून नव्याकडे वळवावयाचा. त्या क्षणानंतर जो येईल त्याला नवी नोंद दिसेल. त्या क्षणापूर्वी जो आत शिरला आहे तो जुनी वाचीत असेल, आणि ती त्याला शेवटपर्यंत सुखाने वाचू द्यावयाची. अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी नोंद मात्र कोणालाही, केव्हाही, दिसता कामा नये. बदलणारेच दोघे असतील तर त्यांनी आपसांत कुलूप वापरावे. वाचणाऱ्याला त्याची झळ नाही. लिनक्सच्या साध्या रचनेत तर वाचणाऱ्याला या व्यवस्थेपायी एक आज्ञाही जास्त खर्चावी लागत नाही.

आता खरा प्रश्न येतो. पत्ता वळवला, जुनी नोंद साखळीतून निघाली. पण ती टाकून केव्हा द्यावयाची? तिच्यावर अजून कोणाची तरी दृष्टी खिळलेली असेल. प्रत्येक वाचणाऱ्याची नोंद ठेवावी तर तेही एक कुलूपच झाले. आणि विचारत फिरावे, ‘तुमचे झाले का?’ तर कामाचा खोळंबा आहेच.

आपल्याकडच्या पंगतीत याचे उत्तर आहे. पंगत बसली असताना यजमान पानापानाशी जाऊन ‘आटोपले का’ असे विचारीत नाही. तसे विचारणे म्हणजे पाहुण्याला उठवणेच होय. पण रीत अशी आहे की, जेवता जेवता मध्येच पानावरून कोणी उठावयाचे नाही. ही रीत सर्वांनी पाळली की उठणे हीच जेवण झाल्याची खूण होते. जो आंचवावयास उठला त्याचे जेवण झाले. आरसीयूचा नियम हाच आहे. मूळ रीतीत वाचणाऱ्याने वाचन चालू असता प्रोसेसर सोडावयाचा नाही, मध्येच झोपावयाचे नाही. म्हणून एखाद्या प्रोसेसरने एक काम सोडून दुसरे हाती घेतलेले दिसले की, त्यावर पूर्वीपासून चाललेले वाचन संपले असे निःशंक समजावे. प्रत्येक प्रोसेसर असा एकेकदा ‘उठला’ की पंगत उठली. मग जुनी पत्रावळ खुशाल उचलावी. पत्ता वळवल्यानंतर जे नवे येऊन बसले असतील त्यांच्यासाठी थांबण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे नवेच पान आहे.

या रीतीतला नैतिक आशय मला असा दिसतो. कुलपाच्या राज्यात बदल करणारा आणि पाहणारा यांना एकाच रांगेत उभे केलेले असते. ती समता दिसावयास चांगली; पण तिचा भार खरोखर कोणावर पडतो? ज्यांनी काहीच मागितले नाही त्यांच्यावर. या दुसऱ्या रीतीत सारा भार बदल करणाऱ्यावर आहे. नक्कल त्याने करावी, जागा त्याने खर्चावी, थांबावेही त्यानेच. हा त्याच्यावर अन्याय नव्हे काय? मला तसे वाटत नाही. बदल केव्हा आणि काय करावयाचा हे तोच ठरवतो. ज्याच्या हाती बदलण्याची सत्ता आहे, त्याच्याच अंगावर बदलाची किंमत असावी, हे न्यायाला धरून आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ‘थांबा, लोकांची तयारी होऊ द्या’ हे वाक्य आजवर प्रत्येक सुधारणेच्या आड आलेले आहे. जुन्यावर ज्यांचे पोट चालते त्यांना हे वाक्य फार आवडते. तेव्हा ही रीत म्हणजे दिरंगाईचे समर्थन तर नव्हे? नाही, आणि का नाही, ते नीट पाहावे. पहिली गोष्ट, नवे अमलात येण्यासाठी येथे कोणीही थांबत नाही. पत्ता त्याच क्षणी वळतो. थांबावयाचे ते फक्त जुन्याची विल्हेवाट लावण्यासाठी. दुसरी गोष्ट, थांबावयाचे ते सर्वांसाठी नव्हे. बदलाच्या क्षणी जे आधीच आत होते तेवढ्यांसाठीच. आणि तिसरी, या थांबण्याला शेवट असला पाहिजे. जे दिरंगाई करतात ते याच तीन गोष्टी एकमेकींत मिसळतात. जुन्याचा आधार असलेल्यांचे नाव पुढे करून ते नव्यालाच दाराशी रोखून धरतात.

आपल्या देशात 1957 साली 1 एप्रिलला नाणी बदलली. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा, एकशे ब्याण्णव पैंचा रुपया त्या दिवसापासून शंभर नव्या पैशांचा झाला. तथापि जुनी नाणी त्याच दिवशी बाद झाली नाहीत. काही काळ दोन्ही चालली. हिशेब नवा झाला, पण ज्याच्या चंचीत आणे होते तो भिकारी झाला नाही. ‘नया’ हे विशेषणही 1964 साली गळून पडले, कारण तोवर जुना पैसा कोणाच्या बोलण्यात राहिला नव्हता. बदल एका दिवसात, आणि निरोप सावकाश, असे हे झाले.

दोघांना एकाच वेळी दोन वेगळी सत्ये दिसावीत, हे काहींना खटकेल. एकाला जुनी वाट दिसते, शेजारच्याला नवी. मग खरी कोणती? पण थोडा विचार केला तर कुलपानेही हा पेच सुटत नाही. कुलूप हाती आहे तोवरच तुम्ही पाहिलेले खरे. कुलूप सोडून दाराबाहेर पाऊल टाकले की आतली वस्तू बदलू शकते, आणि तुमच्याजवळचे ज्ञान शिळे होते. शिवाय निरोपाच्या वाटांची यादी बदलते ती बाहेरच्या जगात काही आधीच बदललेले असते म्हणून. यादी जगाच्या मागेच असते. शिळेपणा हा ज्ञानाचा दोष नसून ज्ञानाची अवस्थाच आहे. दोष आहे तो विसंगतीत, अर्धवट जुन्या आणि अर्धवट नव्यात.

अर्थात शिळे चालते कोठे आणि चालत नाही कोठे, याचा विवेक हवाच. खात्यात शिल्लक किती, हे दोन ठिकाणी दोन दिसले तर एकच रुपया दोनदा खर्च होईल. कोणाची परवानगी काढून घेतली असताना तो जुन्या चिठ्ठीवर आत शिरू लागला, तर तेही चालणार नाही. अशा ठिकाणी जुन्या नोंदीवरच ‘रद्द’ अशी खूण करून ठेवतात आणि वाचणाऱ्याला ती पाहणे भाग पाडतात. किंवा सरळ कुलूप लावतात. सर्व रोगांवर एकच मात्रा चालते असे सांगणारा वैद्य संशयास्पदच.

वाचणाऱ्यालाही या राज्यात कर्तव्य आहे. कुलूप नाही म्हणून नियम नाही, असे नव्हे. तो झोपला तर पंगत उठत नाही; पंगत उठली नाही तर जुन्या नोंदींचा ढीग साचतो, आणि ढीग वाढत गेला तर सगळ्यांचीच जागा संपते. म्हणून लिनक्समध्ये सामान्यतः 21 सेकंद वाट पाहून, कोणता प्रोसेसर अडून बसला आहे याची जाहीर तक्रार नोंदवली जाते. यंत्राच्या हिशेबाने 21 सेकंद म्हणजे युगच! आणि ज्या रचनेत वाचणाऱ्याला मध्येच बाजूला सारले जाऊ शकते, तिथे मंगळावरची ती सोय पुन्हा भेटते. जो मागे राहिल्यामुळे सगळे अडले आहेत, त्याला हाकलून देत नाहीत. त्याचा मान वाढवून त्याला पुढे घेतात, म्हणजे तो आपले वाचन संपवून मोकळा होतो. समाजात आपण नेमके उलट करतो. मागे राहिलेल्यावर खेकसतो, आणि त्याला आणखी मागे ढकलतो.

कुलपाविना चालणारे घर आणि शिस्तीविना चालणारे घर, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. कुलूप शिस्त बाहेरून लादते. ते काढले की तीच शिस्त प्रत्येकाच्या वागण्यात उतरावी लागते. बदलणाऱ्याने अर्धवट काम जगापुढे मांडू नये आणि जुन्याच्या आधाराने उभ्या असलेल्यांना क्षणभर सांभाळून घ्यावे. पाहणाऱ्याने आपले पाहणे उरकून वेळेवर उठावे. एवढे दोन्ही पक्षांनी केले की दाराची कडी काढता येते.

दिवाळीच्या साफसफाईत घरोघर जुने सामान निघते. निघावेच, नव्याला जागा हवी. फक्त खुर्ची बाहेर काढण्यापूर्वी तीवर कोणी बसलेले नाही ना, एवढे पाहावे. आणि जो बसला आहे त्याने, नवी खुर्ची समोर मांडलेली असता, उगीच बसून राहू नये.